कोऱ्या कातरणीची कड

एकोणपन्नास साली मी ज्या गावात शिक्षक म्हणून हजर झालो, तिथल्या निम्म्या मुलांच्या जन्मतारखा वाकळांच्या कडेवरून लिहिलेल्या आहेत. लिहिणारा मी. सांगणारी नीलक्का.

गाव आळंद तालुक्यातलं, कडगंचीपासून पायी दोन तासांवर. शाळा नुकतीच उर्दूची मराठी झाली होती आणि मी नुकताच मास्तर. आमच्या घराण्यात पाटीला हात लावलेला मी पहिला. त्यामुळे सरकारी वहीतला एकही रकाना रिकामा राहू नये, याची मला फार काळजी. मुलाचं नाव लिहून झालं की मी विचारायचो, "जन्म कधीचा?"

आई म्हणायची, "ज्वारी हुरड्यात आली व्हती बघा."

"ते झालं. साल कुठलं?"

"साल काय मी मोजत बसलेय व्हय? नीलक्काला इचारा की."

तिसऱ्या आईनंही हेच सांगितल्यावर मी वही काखेत मारली आणि तिच्याबरोबर नीलक्काच्या घरी गेलो. ओसरीवर एक उंच, वाळकी, साठीच्या घरातली बाई बसली होती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगावर इरकली लुगडं, दातांत सुई. आमचं काम ऐकून घेतलं आणि सुई न काढताच तिनं त्या आईला सांगितलं, "जा, तुझी वाकळ घिऊन ये."

वाकळ आली. तिच्या चारी बाजूंनी बोटभर रुंदीची कड होती, असंख्य रंगांच्या तुकड्यांची. नीलक्का ती कड बोटांतून सरकवू लागली.

"ही निळी कातरण तुझ्या दिराच्या लग्नातल्या अंगीची. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"तवा तुझं पोट दिसायलं व्हतं. हिच्या म्होरं ही रेघाची. पाटलाचा थोरला हैदराबादला शिकाया गेला, तवाच्या सदऱ्याची. त्या दिसांत ह्ये पोरगं रांगायलं व्हतं. म्हंजी दोन्हीच्या मधी झालंय. ल्ही मास्तर."

पाटलाचा थोरला कुठल्या साली हैदराबादला गेला, हे चावडीत सगळ्यांना पाठ होतं. मी लिहिलं. पुढचा आठवडाभर गावातल्या बायका मुलं आणि वाकळा दोन्ही घेऊन शाळेत येत होत्या.

वाकळेच्या पोटात काय भरायचं, याबद्दल नीलक्काचा काही आग्रह नसे. फाटकी लुगडी, विरलेली धोतरं, फेट्याचे तुकडे, काहीही चाले. कडेला मात्र कोरंच कापड लागे. ती म्हणायची, "पोट फाटलं तर ठिगळ लागतंय. कड गेली की वाकळ गेली." तिचं म्हणणं खरं होतं. माणूस वाकळ ओढतो ती कडेला धरून, हनुवटीला घासते ती कड, आणि बाजेवरून लोंबते तीही कडच.

पण कोरं म्हणजे विकत आणलेलं नव्हे. ज्या घरी लग्न, बारसं, सण असेल, त्या घरचे नवे कपडे गावातला शिंपी शिवी. कापताना पडलेली कातरण कुणी परत मागायची नाही, असा गावाचा रिवाज होता. ती नीलक्काकडे जाई, आणि पुढं गावातल्या ज्या वाकळा शिवायला येत, त्यांच्या कडेत जाऊन बसे. बदल्यात तिला सुगीत घराघरातून ज्वारी मिळे. तिला सगळ्यात आवडायची ती काखेची आणि गळ्याची कातरण. तिथलं कापड तिरपं कापलेलं असतं, शिंपी ज्याला उरेब म्हणतात. उरेब पट्टी कोपऱ्यावर ओढली की वळते. सरळ पट्टी कोपऱ्यावर अडून बसते.

तुकड्याला तुकडा जोडून लांबलचक पट्टी झाली की नीलक्का तिच्या दोन्ही कडा अंगठ्याच्या नखानं आत दुमडायची, गुंडाळायची आणि त्या गुंडाळीवर चक्क बसायची. उठायला सांगितलं की म्हणे, "उठिवू नको रे, इस्त्री चाललीया."

एकदा तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसुलाचे साहेब, आले. सगळी ओसरी उठून उभी राहिली. नीलक्का बसलेलीच.

"बसा साहेब. मी उठले तर घड्या मोडत्यात."

गिरदावर गोंधळले. कुणीतरी त्यांच्या कानात खरा प्रकार सांगितला, तेव्हा ते इतके हसले, की येण्याचं काम विसरूनच गेले. नीलक्का पुढे म्हणायची, "माझी इस्त्री सरकारला बी भारी पडली."

तिचा एकच अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. तिच्या वाकळेच्या कडेला सुरकुती पडत नसे. नवी वाकळ झाली की अंगावर घेण्याआधी ओढ्यात एकदा धुवायची, अशी तिथली रीत. दुसऱ्या कुणी शिवलेली वाकळ त्या पहिल्या पाण्यात कुठे ना कुठे आवळायची. नीलक्काची वाळूवर पसरली की भाकरीसारखी सपाट. बायका विचारायच्या, "कसं जमतंय वं अक्का?" ती दोन्ही हात पुढं करायची. "ह्यो हात बघ. दुसरं काय न्हाई."

मी गावात आलो तेव्हा मात्र तिची कातरणीची गाठोडी निम्मी झाली होती. कारण शिंपी गावात नव्हता.

शिंप्याचं नाव लाडलेसाब. त्याच्या आधी त्याचा बाप हेच काम करायचा. अठ्ठेचाळीस साली हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लाडलेसाब बायकोला घेऊन गुलबर्ग्याला बहिणीकडे निघून गेला. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. पण त्या दिवसांत वैर असायची गरज नव्हती. तो गेल्यावर त्याच्या घराचं दार कुणीतरी काढून नेलं. त्याची हाताची शिलाई मशीन तेवढी वाचली, कारण ती नीलक्कानं भर दुपारी डोक्यावर घेऊन स्वतःच्या घरी आणली होती आणि वाकळांच्या ढिगाखाली ठेवली होती. कुणी मागितली की म्हणायची, "माझी न्हाई. द्यायची कशी?"

लाडलेसाबनं परत यावं, एवढं एकच तिला हवं होतं. गुलबर्ग्याला जाणाऱ्या माणसाजवळ तिनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "देखेंगे."

त्या थंडीत कातरण संपली. नवे कपडे आता लोक कडगंचीला शिवायचे, आणि तिथला शिंपी कातरण देत नसे. नीलक्का वाकळा शिवत राहिली, पण कड न लावता ओसरीत एकावर एक रचून ठेवू लागली. लोक कुडकुडत यायचे.

"अक्का, आहे तशी दे की. नुसत्या दोऱ्यानं दुमडून टाक."

"बिनकडीची वाकळ म्हंजी चिंध्यांचा ढीग. ढीग मी देत न्हाई."

"मग कड कवा लागायची?"

"लाडल्या आला की."

"तो काय येतोय आता."

"दार न्हेलंत त्याचं. यील कसा?"

माणूस चुळबुळ करायचा आणि जुनीच वाकळ पांघरायला घरी जायचा.

वैशाखात पाटलाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. सासरी जाताना तिच्याबरोबर नवी वाकळ हवी. पाटलाची म्हातारी आई स्वतः नीलक्काच्या ओसरीवर येऊन बसली. म्हातारीला नाही म्हणणं नीलक्काला जमेना. तेव्हा मी पुढं झालो. पगारासाठी गुलबर्ग्याला गेलो होतो, तिथून मिलचं चांगलं तांबडं कापड आणलं, शाळेची पट्टी लावून एकसारख्या सरळ पट्ट्या कापल्या आणि मोठ्या आनंदानं तिच्यापुढे ठेवल्या.

तिनं एक पट्टी उचलून वास घेतला. "खळ लई हाय. आन् अख्खं कापड कापून कड? दूध इकत घिऊन ताक वाटायचा धंदा दिसतोय मास्तर तुझा."

पण लग्न जवळ आलं होतं. तिनं कड लावली. लावली तेव्हा दृष्ट लागावी अशी दिसत होती. मग रीतीप्रमाणे बायकांनी ती ओढ्यावर नेली.

वाळत घातलेली ती वाकळ मी विसरणार नाही. आतलं कापड शंभरदा धुतलेलं, ते होतं तेवढंच राहिलं. माझं कोरं कापड पाण्यात पडून आटलं होतं. चारी बाजूंनी कड आवळली आणि मधलं अंग वर फुगलं. वाळूवर ती वाकळ टोपल्यासारखी बसली होती. एका पोरानं तिच्यात जाऊन बसूनही दाखवलं.

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "अक्का, हिच्यात नवरीला बसवून धाडायची का?"

मी माफी मागायला लागलो. नीलक्कानं मला गप्प केलं. ती वाकळेभोवती फिरली, कड चाचपली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं, आणि हात तर तेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या दारात उभी. डोक्यावर वाकळेचं गाठोडं.

"पोरांना सुट्टी दे. गुलबर्ग्याला जायाचंय."

आम्ही कडगंचीला चालत गेलो आणि तिथून मोटारीनं गुलबर्ग्याला. बाजारातल्या एका बोळात, चार मशीनी लावलेल्या दुकानात लाडलेसाब सापडला. बारीक, पन्नाशीचा, गळ्यात टेप. मालकानं त्याला दिवसभर फक्त बाह्या शिवायला बसवलं होतं.

"अक्का! इत्ते दूर कायकू आए?"

नीलक्कानं उत्तर न देता गाठोडं सोडलं. वाकळ आपसूक टोपल्यासारखी उभी राहिली. लाडलेसाबनं ती पाहिली, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं माझी तांबडी पट्टी दोन बोटांत धरली.

"काटने के पैले भिगाए थे क्या?"

"भिजवायचं? कातरणीला कोण भिजवतंय रे?"

"मैं भिगाता था ना. पूरा थान बादली में. सुका के फिर काटता था. अब्बा बी वैसाच करते थे. नै तो लोगां के कुडते छोटे होते अक्का."

नीलक्कानं ती पट्टी स्वतःच्या बोटांत घेतली. तिच्या हाती येणारी प्रत्येक कातरण आधीच भिजून आटून आलेली असायची. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मास्तर, तू जरा भैर जा. चा पी."

मी बाहेर गेलो. पण मध्ये नुसता पडदा होता.

"लाडल्या."

"हौ."

"तीस वर्सं गाव म्हणायलंय, नीलक्काच्या कडंला सुरकुती न्हाई. मी बी म्हणायले, माझा हातच तसा."

आतली मशीन थांबली.

"निम्मं काम तुझ्या बादलीत व्हतं. मला ठाऊक न्हवतं."

"मेरे कू मालूम था."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"तुम खुश थे, अक्का."

मग तिचा नेहमीचा आवाज आला. "चल गावाला."

"गाव में मेरा कौन है? घर कू दरवाजा बी नै."

"वाकळ बांध दाराला. पर चल."

"डर लगता अक्का. झूट कायकू बोलूं."

याच्यावर तिनं वाद घातला नाही. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, तिनं वाकळ उचलून त्याच्या मांडीवर टाकली.

"ही कड उसव. तुझ्याकडं आसंल ती कातरण लाव. शुक्रवारी पाटलाच्या पोरीची पाठवणी हाय. वाकळ तू आणून द्यायची."

"किसी के हात से भेजतौं ना."

"दुसऱ्याच्या हातनं आली तर मी घेणार न्हाई. जशी आली तशी ओढ्यात सोडून दीन. मग पाटलीण तुला शिव्या दील, मला न्हाई."

परतताना मोटारीत ती खिडकीबाहेर पाहत होती. कडगंची दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "मास्तर, यील का रं?"

"येईल अक्का. नक्की येईल."

"तुला काय कळतंय? तू पट्टीनं कड कापणारा." पण तिला माझं उत्तर हवं होतं, हे मला कळलं. ती पुन्हा बाहेर पाहू लागली.

गावात आल्यावर ती घरी गेली नाही. गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि कुणाचंही नाव न घेता मोठ्यानं म्हणाली, "शुक्रवारी लाडल्या येनार हाय. त्याच्या घराला दार पाह्यजे. कोन उचलून न्हेलं ते मला ठाऊक हाय. मी इचारायले न्हाई. दार पाह्यजे येवढंच."

बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी सकाळी मी शाळेकडे निघालो, तर लाडलेसाबच्या घराच्या चौकटीला दार टेकवून ठेवलेलं. खालच्या बाजूला ताजा शेणाचा डाग होता. कुणाच्या तरी गोठ्यात ते आडवं लावलेलं असणार. गोठा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

पाठवणीची गाडी वेशीत जुंपून उभी राहिली. मुलगी रडून घेऊन मोकळी झाली होती. बैल शेपट्या मारत होते. पाटील दोनदा म्हणाले, "अक्का, वेळ निघून जायलीय. दुसरी कुठली तरी वाकळ घाला."

"थांब की. पोरगी हितंच हाय, नवरा बी हितंच हाय. काय पळून जायलंय?"

मग ओढ्याच्या पलीकडे माणूस दिसला. डोक्यावर गाठोडं, गळ्यात टेप. लाडलेसाब काठापर्यंत आला आणि थांबला. अलीकडे सगळं गाव उभं होतं. चेहरे वाईट नव्हते. पण पहिलं कोण बोलणार, हे ठरत नव्हतं. तो थांबला तसा नीलक्काचा हात गाडीच्या दांड्यावर घट्ट झाला. तिनं हाक मारली नाही. हाक तिनं मारून चाललं नसतं.

तेवढ्यात पाटलाची म्हातारी आई गाडीआडून पुढं आली.

"लाडलेसाब! दीड वर्स झालं, माझी चोळी एका बाहीची टाकून पळालास! एक हात उघडा घिऊन नातीच्या लग्नात हिंडले की रे मी!"

आधी एक हसला, मग सगळे. लगेच दुसरा ओरडला, "माझ्या बंडीचं कापड बी तुझ्याकडंच हाय!" तिसऱ्याच्या पोराची टोपी राहिली होती. लाडलेसाब चपला हातात घेऊन ओढ्यात उतरला आणि पाण्यातूनच बोलत बोलत आला, "हौ, हौ, सबका करतौं. आनेदेव तो सही!"

त्यानं गाडीत वाकळ पसरली. शहरातल्या नाना रंगांच्या कातरणीची कड होती तिला. कुठे हिरवी, कुठे चौकड्याची. एकदा धुऊन आणलेली, तरी सपाट बसली होती. नीलक्कानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला, चारी बाजूंनी. सगळं गाव पाहत होतं.

"बरी हाय," ती म्हणाली. मग वळून, गल्लीत काढला होता तोच आवाज काढून, "ऐका गं बायांनो. ह्यो कापड भिजवून कापतोय, म्हणून कड बसतीया. माझ्या एकटीचा हात न्हाई त्यो." आणि कुणी काही बोलायच्या आत लाडलेसाबला, "मिशीन उचल तुझी. माझ्या घरात पाय ठेवाया जागा न्हाई."

त्या पावसाळ्याच्या आत गावातल्या सगळ्या वाकळांना कड लागली.

पुढे माझी बदली झाली. नोकरी करता करता मी परीक्षा देत राहिलो आणि छप्पन्न साली बी.ए. झालो. राज्यं बदलणार अशी चर्चा तेव्हा जोरात होती. निकाल घेऊन आधी आईकडे गेलो आणि नंतर पेढे घेऊन या गावी. या गावानं मला माणसांना प्रश्न विचारायला शिकवलं होतं, आणि नीलक्कानं उत्तराची वाट पाहायला.

ती लाडलेसाबच्या दुकानाच्या ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो तेव्हा तिनं माझा चेहरा हातानं चाचपून ओळखला.

"बी.ए. म्हंजी किती यत्ता रं?"

"चौदा."

"इतकं वाचून डोळं गेलं न्हाईत तुझं?"

"नाही अक्का."

"माझं गेलं बघ, एक अक्षर न वाचता."

तिनं पेढा अर्धा मोडून आत लाडलेसाबला दिला. "घे. आपला मास्तर लई मोठा झालाय." मग कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगू लागली, आणि सांगता सांगता सुई ओवायला बसली. दोरा सुईच्या बाजूनं जात होता. लाडलेसाब एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होता. त्यानं तिच्याकडे न पाहता टोपीच्या घडीत खोवलेली एक ओवलेली सुई काढून पुढं धरली. तिनं ती घेतली, स्वतःची रिकामी सुई त्याच्या तळहातावर ठेवली आणि गोष्टीत खंड न पाडता टाके घालू लागली. त्याच्या टोपीत तशा दहाबारा सुया ओळीनं दोऱ्यासकट लटकत होत्या.

मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं, तर गिऱ्हाईक गेलं होतं. लाडलेसाब ती रिकामी सुई हातभर लांब धरून, डोळे बारीक करून ओवत होता. एकदा चुकला. दोनदा चुकला. आता त्यालाही दिसत नव्हतं. नीलक्काचं बोलणं चालूच होतं. चौथ्या खेपेला दोरा आत गेला. त्यानं ती सुई टोपीत खोवली आणि पुढची घेतली.